कोंबडे खच्ची करावेत का, आणि मांसासाठी कोंबड्या वाढवण्या-कापण्याचं बाकी सगळं

तुमचं म्हणणं थोडक्यात असं आहे की नर-मादी न निवडता मिक्स पिल्लं आणलीत, अंडी आणि मांस दोन्हीला चालणाऱ्या जातीची, त्यातल्या कोंबड्या अंड्यांसाठी ठेवायच्या आणि कोंबडे घरी खायला वाढवायचे. कुणीतरी सांगितलं की कोंबडे लहानपणी खच्ची केले की भांडत नाहीत, अंगाने भरतात आणि मांस मऊ राहतं, तर ते घरच्या घरी कसं करायचं आणि शेवटी नीट कापायचं कसं. दोन्ही सांगतो, पण मधलं वाढवण्याचंही सांगावंच लागेल, कारण मांस कसं लागणार हे बरंचसं तिथेच ठरतं.

आधी मत सांगून टाकतो. ह्या बॅचला खच्ची करण्याच्या भानगडीत पडू नका. बोकड किंवा बैल खच्ची करतात ते बाहेरून होतं, कोंबड्याच्या वृषणग्रंथी पोटाच्या आत पाठीच्या कण्याला चिकटून असतात, म्हणजे बरगड्यांमधून पोट उघडून करायचं ते ऑपरेशन आहे. आणि ज्या त्रासासाठी तुम्ही ते करणार, म्हणजे चिवट मांस आणि मारामाऱ्या, त्यावर साधा उपाय आहे तो म्हणजे कोंबडा वयात यायच्या आत कापायचा. मांस चिवट होतं ते मुख्यतः वयाने, स्नायूंमधलं कोलॅजन वय वाढेल तसं एकमेकांत घट्ट गुंतत जातं आणि मग ते शिजवताना लवकर विरघळत नाही. त्यात कोंबडा वयात आला की दिवसभर पळापळ, भांडणं, कोंबड्यांच्या मागे लागणं, खाण्याकडे लक्ष नाही, मग अंगावर चरबी धरत नाही. खच्ची केल्याने हे दुसरं थांबतं आणि पहिलं थोडं लांबतं, एवढंच. वय तर वाढतच असतं.

आता वाढवण्याचं. मांसासाठी दोन वेगळे रस्ते आहेत आणि लोक ते एकत्र करून गोंधळ करतात. एक म्हणजे ब्रॉयलर, कॉर्निश आणि व्हाइट प्लायमाउथ रॉक ह्या दोन जातींच्या संकरातून निवडत निवडत आणलेला पक्षी, सहा ते सात आठवड्यांत दोन-अडीच किलो होतो. १९४८ मध्ये अमेरिकेत 'चिकन ऑफ टुमारो' नावाची स्पर्धा झाली होती, रुंद छातीची, पटकन वाढणारी कोंबडी कोण तयार करतो ह्याची, ती कॉर्निशच्या संकराने जिंकली आणि त्यानंतर मांसाची कोंबडी म्हणजे ब्रॉयलर हे ठरूनच गेलं. त्याआधी मोठा, मऊ मांसाचा पक्षी हवा असेल तर खच्ची केलेला कोंबडा हा एक मुख्य पर्याय होता. ब्रॉयलर आला आणि त्याची गरजच कमी झाली, कारण तो वयात यायच्या खूप आधी कापून होतो. दुसरा रस्ता तुमचा, सावकाश वाढणाऱ्या दुहेरी जातीचे कोंबडे, ह्यांना १४ ते १८ आठवडे लागतात, छाती अरुंद, पाय लांब, पण चव भरपूर. ह्यांच्याकडून ब्रॉयलरच्या वजनाची अपेक्षा ठेवलीत तर निराश व्हाल. फीडचा हिशोबही वेगळा असतो, कमर्शियल शेडमधला ब्रॉयलर एक किलो वजनासाठी साधारण १.६ ते १.८ किलो फीड खातो, घरी तो दोन किलोच्या आसपास जातो आणि तुमच्या कोंबड्यांना तीन किंवा त्याहून जास्त लागणार हे धरूनच चाला.

पिल्लं आली की पहिला आठवडा ऊब सगळ्यात महत्त्वाची. ब्रूडरमध्ये, म्हणजे दिवा लावून पिल्लांना ऊब देतो त्या जागेत, पिल्लाच्या उंचीला ३२ ते ३५ अंश सेल्सियस आणि दर आठवड्याला साधारण ३ अंश कमी करत २१ पर्यंत यायचं, तोवर पिसं आलेली असतात. थर्मामीटर लावा पण त्यापेक्षा पिल्लांकडे बघा. दिव्याखाली गठ्ठा करून चिवचिवाट करतायत म्हणजे थंडी वाजतीये, चारी बाजूंना कडेला जाऊन चोच उघडून पंख पसरून बसलीत म्हणजे गरम होतंय, सगळीकडे पसरून खातायत, झोपतायत म्हणजे बरोबर आहे. एकाच बाजूला गोळा होत असतील तर दुसऱ्या बाजूने वाऱ्याची झुळूक येतीये. पहिल्या दिवशी प्रत्येक पिल्लाची चोच पाण्यात बुडवून दाखवा, प्रवासातून आलेलं पिल्लू पाणी न सापडल्यामुळेच मरतं बऱ्याचदा. बल्ब बांधताना दोन वेगळ्या ठिकाणी बांधा, एकटी दोरी सुटून दिवा भुशावर पडला की आग लागते.

फीड पहिले तीन आठवडे स्टार्टर, ब्रॉयलरला २२-२३ टक्के प्रोटीनचं, तुमच्या जातींना २० टक्केही चालतं, मग ग्रोअर आणि शेवटी फिनिशर १८ च्या आसपास. आणि तुमच्या मिक्स कळपासाठी एक गोष्ट नीट लक्षात ठेवा, कोंबड्या अंड्यावर आल्या म्हणून सगळ्यांनाच लेअर फीड, म्हणजे अंडी देणाऱ्या कोंबड्यांचं फीड, सुरू करू नका. लेअर फीडमध्ये साडेतीन-चार टक्के कॅल्शियम असतं, अंडं न घालणाऱ्या वाढत्या पक्ष्याला साधारण एक टक्का पुरतं, जास्तीचं कॅल्शियम नरांच्या मूत्रपिंडांवर येतं. सगळ्यांना ग्रोअर ठेवा आणि शिंपल्यांचा चुरा वेगळ्या भांड्यात, ज्यांना हवाय त्या कोंबड्या बरोबर तो खातात. पाणी फीडच्या वजनाच्या दुप्पट पितात, उन्हाळ्यात अजून जास्त, आणि पाणी कमी पडलं की आधी खाणं कमी होतं आणि मग वाढ, त्यामुळे वजन का वाढत नाहीये असं कुणी विचारलं की मी आधी पाण्याचं भांडं बघायला सांगतो.

ब्रॉयलर आणलेत कधी तर त्यांच्यापुढे चोवीस तास फीड ठेवू नका. ते थांबतच नाहीत, आणि मांस इतक्या वेगाने चढतं की पाय आणि हृदय मागे पडतं, पाय फाकतात, पोटात पाणी होतं किंवा धडधाकट दिसणारा पक्षी पाठीवर पडून मेलेला सापडतो. दुसऱ्या आठवड्यापासून दिवसा फीड आणि रात्री बंद असं १२-१२ तास केलं की हे खूप कमी होतं. तुमच्या जातींना हा प्रॉब्लेम नाही.

लिटर म्हणजे लाकडाचा भुसा किंवा भाताचं तूस, दोन-तीन इंच जाड, कोरडं. मुठीत दाबलं की गोळा होऊन तसाच राहत असेल तर ओलं झालंय, काढा. ओल्या लिटरमधून अमोनिया सुटतो, तुम्ही खाली वाकल्यावर डोळे चुरचुरले तर पक्षी दिवसभर त्यात आहेत. आणि ओल्या लिटरमध्येच रक्ती हगवण वाढते, साधारण तीन ते सहा आठवड्यांच्या वयात, पिल्लं पिसं फुगवून खांदे पाडून बसतात आणि शिटेत रक्त दिसतं, ॲम्प्रोलियम हे औषध पाण्यातून देतात, लगेच द्यावं लागतं. मानमोडी, मॅरेक्स, गंबोरो ह्या रोगांच्या लसी तुमच्या पशुवैद्याला विचारून वेळेवर करा. कुठलंही औषध दिलं की त्याचा वर्ज्य काळ बघा, म्हणजे औषध थांबवल्यापासून किती दिवस मांस खायचं नाही ते, लेबलवर लिहिलेलं असतं. तेवढे दिवस गेल्याशिवाय कापू नका, मग पक्षी कितीही तयार असू दे.

जागा ब्रॉयलरला शेवटी पक्ष्यामागे एक चौरस फूट सांगतात, मी त्यापेक्षा जास्तच सांगेन आणि तुमच्या कोंबड्यांना तर दुप्पट-तिप्पट, शिवाय बाहेर मोकळं फिरायला. गर्दीत एकमेकांची पिसं टोचायला लागतात आणि एकदा रक्त दिसलं की सगळे त्याच्यावरच.

आता वय. दहा-बारा आठवड्यांनंतर नर अगदी स्पष्ट ओळखू यायला लागतात, तुरा चांगलाच लाल होतो, मानेवर टोकदार पिसं येतात, मग घोगरं आरवणं, मग समोरासमोर उभं राहून छाती भिडवणं. हीच तुमची घंटा समजा. इथून पुढे सगळ्यांना एकाच दिवशी कापायची गरज नाही, जे आधी आरवले आणि सगळ्यात दांडगाई करतात ते आधी काढा, बाकीच्यांना महिनाभर शांतता मिळते आणि ते अजून भरतात. कोंबड्या नजरेआड असतील तर नुसते नर एकत्र बऱ्यापैकी राहतात, त्यामुळे वेगळं खुराडं असेल तर तिथे हलवा. तयार झाला का हे बघायला पक्षी हातात घेऊन छातीच्या मधल्या हाडावर बोटं फिरवा. हाड धारदार लागलं आणि दोन्ही बाजूंना खोलगट असेल तर थांबा, दोन्ही बाजूंचं मांस हाडाच्या जवळपास पातळीला आलं असेल तर झालं. ह्या जातींसाठी १४ ते १८ आठवडे ही खिडकी चांगली आहे, २०-२२ च्या पुढे गेलात तर चव वाढते पण मग तो मंद आचेवर बराच वेळ शिजवायचा पक्षी झाला.

आता खच्ची करण्याकडे येतो, कारण नको म्हणून सांगितलं तरी काय असतं ते कळायला हवं. खच्ची केलेल्या कोंबड्याला कॅपॉन म्हणतात. १८४९ मध्ये जर्मनीतल्या गॉटिंगेनला बर्थोल्ड नावाच्या शास्त्रज्ञाने कोवळ्या नरांवर प्रयोग केला होता, ग्रंथी काढून टाकलेल्यांचा तुरा वाढला नाही, आरवणं नाही, भांडणं नाही, पण ज्यांच्या पोटात ग्रंथी परत ठेवली, मूळ जागी नाही, मूळ नसांशी जोडलेली नाही, नुसती आत ठेवली, ते मात्र पुरते कोंबडे झाले. म्हणजे ग्रंथीतून काहीतरी रक्तात जातं आणि ते सगळ्या अंगावर काम करतं. हॉर्मोन हा शब्दसुद्धा तेव्हा नव्हता. कॅपॉनमध्ये नेमकं हेच बघायला मिळतं, तुरा आणि गळ्याखालचे लोलक फिके आणि छोटे राहतात, डोकं लहान दिसतं, स्वभाव शांत होतो, पण मानेची, पाठीची, शेपटीची पिसं मात्र लांबलचक आणि चमकदार येतात, कारण नराची पिसं ह्या हॉर्मोनवर अवलंबून नसतात. पायाची आरसुद्धा वाढते. मांसात स्नायूंच्या आत आणि कातडीखाली चरबी धरते आणि तोच त्याचा खरा गुण. बाकी तो राक्षसासारखा वाढतो हे खरं नाही, त्याला जास्त महिने ठेवतात म्हणून तो मोठा दिसतो, आणि तेवढे महिने तो खातोही, चरबी चढवायला मांस चढवण्यापेक्षा जास्त फीड लागतं.

युरोपियन युनियनच्या नियमात कॅपॉन म्हणून विकायला पक्षी वयात येण्याआधी खच्ची केलेला, त्यानंतर किमान ७७ दिवस पोसलेला आणि कापताना किमान १४० दिवसांचा लागतो. फ्रान्समधल्या ब्रेसचा कॅपॉन तर आठ महिन्यांच्या आत कापतच नाहीत, शेवटी धान्य आणि दुधावर पोसतात. म्हणजे ही सगळी गोष्टच लांब पल्ल्याची आहे. तुम्ही १६ आठवड्यांत कापणार असाल तर ऑपरेशनचा उपयोग काय, जखम भरून पक्षी पुन्हा वाढीला लागेपर्यंतच तुमची वेळ संपत आली. अमेरिकेत १९४० च्या दशकात ऑपरेशनऐवजी मानेच्या कातडीखाली डीईएस ह्या कृत्रिम स्त्री-हॉर्मोनची गोळी बसवायचे, १९५९ मध्ये कोंबड्यांत ते बंद केलं, त्याचा अंश मांसात राहायचा. त्यामुळे कुणी गोळीने किंवा इंजेक्शनने होतं असं सांगितलं तर त्या वाटेला अजिबात जाऊ नका.

ऑपरेशन असं असतं. सावकाश वाढणाऱ्या जातीत सहा ते आठ आठवड्यांचा, अर्धा ते पाऊण किलोचा नर घेतात, ह्याहून मोठा झाला की ग्रंथी मोठी होते, तिचा रक्तपुरवठा वाढतो आणि धोका वाढतो. २४ ते ३६ तास फीड बंद आणि शेवटचे काही तास पाणीही, कारण आतडी भरलेली असतील तर आत काहीच दिसत नाही. पक्ष्याला कुशीवर झोपवून पंख एका बाजूला आणि पाय दुसऱ्या बाजूला ताणून बांधतात. शेवटच्या दोन बरगड्यांवरची पिसं उपटून जागा साफ करून आधी कातडी मांडीच्या दिशेने ओढून धरतात आणि मग त्या दोन बरगड्यांच्या मध्ये सुमारे एक इंचाचा छेद घेतात. कातडी ओढून धरायचं कारण, नंतर सोडल्यावर ती जागेवर सरकते आणि वरचा छेद आतल्या छेदावर न येता भोक झाकलं जातं, बरेच जण टाकाही घालत नाहीत. मग बरगड्या फाकवणारं छोटं स्प्रिंगचं साधन बसवतात आणि आत एक पातळ पारदर्शक पडदा असतो तो आकड्याने फाडतात. इथे उजेड सगळ्यात महत्त्वाचा, डोक्याला लावायचा दिवा घ्यावा लागतो. आत बघितलं की पुढच्या बाजूला गुलाबी फुप्फुस हलताना दिसतं, खाली आतडी, आणि ती जरा बाजूला सारली की कण्याला लागून, मूत्रपिंडाच्या पुढच्या टोकाशी, पिवळट पांढरी, गव्हाच्या दाण्याएवढी किंवा थोडी मोठी ग्रंथी दिसते, काही जातींत ती करडी किंवा काळपटही असते. दुसरी तिच्या पलीकडे, मध्ये पडदा, आणि त्या दोन ग्रंथींच्या मधोमध शरीरातल्या सगळ्यात मोठ्या रक्तवाहिन्या जातात. सगळा धोका ह्याच जागेत आहे. चिमटा जरा वाकडा गेला आणि वाहिनी फाटली की पोट रक्ताने भरतं आणि पक्षी हातात मरतो, काही करता येत नाही. एकाच छेदातून दोन्ही काढणारे आधी खालची म्हणजे लांबची काढतात, कारण वरची आधी काढली तर तिच्या रक्ताने खालची दिसेनाशी होते. नवीन माणसाने दोन्ही बाजूंना वेगळे छेद घेणं बरं.

ग्रंथी पूर्ण निघायला हवी, पिळवटून अख्खी. छोटासा तुकडा जरी मागे राहिला तरी तो परत वाढतो, मग तो पक्षी धड कोंबडा नाही धड कॅपॉन नाही असा होतो, तुरा लाल होतो, आरवतो, भांडतो, आणि मांस चिवट. नवशिक्यांच्या हातून असे बरेच होतात. ऑपरेशननंतर लगेच पाणी आणि मऊ खाणं देतात, उंच दांड्यावर चढू देत नाहीत आणि आठ-दहा दिवस रोज हात लावून बघतात, कारण हवेच्या पिशवीतून हवा कातडीखाली साठून पक्षी एका बाजूला फुगतो. निर्जंतुक सुईने कातडीला टोचून ती हवा सोडावी लागते, काही पक्ष्यांना दोन-तीनदा. झालं की नाही हे तीन-चार आठवड्यांनी तुऱ्यावरून कळतं, फिका पडून आक्रसला तर झालं.

आणि हे बहुतेक ठिकाणी भूल न देता करतात, ते मला पटत नाही. दुखत नाही असं सांगणारे भेटतील, ऑपरेशननंतर पाच मिनिटांत खायला लागतो बघा म्हणतात, पण दीड दिवस उपाशी ठेवलेला पक्षी खाणारच, आणि कोंबडी हा असा प्राणी आहे जो शिकाऱ्यासमोर दुखणं लपवतो. ब्रिटनमध्ये असं खच्ची करायला मनाई आहे. तुमच्या इथला नियम आधी बघा, आणि परवानगी असेल तरी भूल आणि वेदनाशामक देऊ शकणाऱ्या पक्ष्यांच्या डॉक्टरकडूनच करून घ्या. शिकायचंच असेल तर नुकत्याच कापलेल्या त्या वयाच्या नरांवर हात बसवा, बरगडी कुठली, पडदा कसा फाटतो, ग्रंथी कुठे, अख्खी निघते का, हे सगळं मेलेल्या पक्ष्यावर कळतं. थेट जिवंत पक्ष्यावर, फोनवर व्हिडिओ लावून, हे कृपा करून करू नका.

आता कापण्याचं. आदल्या रात्री फीड काढून घ्या, आठ ते बारा तास, पाणी मात्र शेवटपर्यंत ठेवा. फीड ठेवलं तर गळ्याची अन्नपिशवी आणि आतडी भरलेली राहतात, फाटली की मांसावर घाण, आणि खूप जास्त तास उपाशी ठेवलं तर आतडी नाजूक होऊन उलट जास्त फाटतात. अंधारात किंवा पहाटे पकडा, तेव्हा ते शांत असतात. पाठलाग करून, फडफड करून पकडलेल्या पक्ष्याच्या अंगावर रक्त साकळलेले डाग येतात आणि मांस कडक होतं, शिवाय त्याला शेवटच्या वेळी घाबरवायचं कशाला. दोन्ही पंख अंगाशी दाबून, छातीखाली हात देऊन उचला, बाकीच्यांच्या नजरेसमोर कापू नका.

शंकूच्या आकाराचा पत्र्याचा किंवा जाड प्लास्टिकचा डबा, खाली डोकं बाहेर येईल एवढं भोक, भिंतीला पक्का ठोकलेला, हे एवढं साधन केलंत तर निम्मं काम सोपं होतं. पक्षी उलटा आत गेला की पंख दाबले जातात, तो शांत होतो, स्वतःला जखम करून घेत नाही. आधी बेशुद्ध करता आलं तर उत्तम, डोक्यावर मागच्या बाजूने एकच जोरदार, नेमका फटका किंवा विजेचं साधन, पण अर्धवट फटका देण्यापेक्षा न दिलेला बरा, म्हणून ते कुणाकडून तरी प्रत्यक्ष शिका. सुरी लहान आणि अतिशय धारदार, दर काही पक्ष्यांनंतर परत धार लावा. डाव्या हाताने डोकं धरून मान किंचित ताणा, अंगठ्याने जबड्याचं हाड चाचपा, त्याच्या लगेच मागे, कानाच्या पाळीखाली पिसं बाजूला करून एका ओढीत खोल चिरा, मग दुसऱ्या बाजूला तसंच. दोन्हीकडच्या रक्तवाहिन्या सुटल्या की रक्त धारेने येतं, थेंब थेंब येत असेल तर खोल गेलं नाही, लगेच परत चिरा, थांबून बघत बसू नका. श्वासनलिका कापू नका. डोकं धरून ठेवा, दीड ते तीन मिनिटं. शेवटी जोरात पाय झाडतो, पंख मारतो, ते शुद्ध गेल्यानंतरचे झटके असतात. श्वास थांबलाय आणि डोळ्याला बोट लावल्यावर पापणी हलत नाही, हे दोन्ही बघूनच गरम पाण्याकडे न्या.

पाणी ६० ते ६२ अंश, थर्मामीटरने मोजून, अंदाजाने नाही. पाय धरून पक्षी आत बुडवा आणि खालीवर हलवत राहा म्हणजे पाणी पिसांच्या मुळाशी जातं, ४५ सेकंदांनी पंखाचं एक मोठं पीस ओढून बघा, अलगद आलं तर बाहेर काढा, नाही तर अजून दहा-पंधरा सेकंद. उकळत्या पाण्यात टाकलं की कातडी शिजते आणि पिसांबरोबर फाटून येते, पाणी फार कोमट झालं की पिसं सहज निघत नाहीत आणि तुम्ही तासभर उपटत बसता. आधी पंख आणि शेपटीची कडक पिसं, कारण ती थंड झाल्यावर सगळ्यात आधी अडकतात, मग बाकीची. राहिलेली लव जाळावरून फिरवून घ्या. पक्षी सोलूनही घेता येतो, वेळ वाचतो, पण सावकाश वाढलेल्या कोंबड्याची चव बरीच त्या कातडीखालच्या चरबीत असते.

साफ करताना आधी खवल्यांचा पाय तंगडीला जिथे जुळतो त्या सांध्यातून कापा, हाडातून नाही. शेपटीच्या वर एक पिवळी तेलाची ग्रंथी असते ती खालपर्यंत खरवडून काढा, राहिली तर मांसाला वास लागतो. मानेच्या कातडीला मागून चीर देऊन अन्नपिशवी आणि श्वासनलिका बोटांनी सुटी करा, ही पायरी गाळली की पुढे आतडी ओढताना सगळं अडकतं. मग पक्षी पाठीवर ठेवून छातीचं हाड संपतं आणि गुदद्वार येतं त्याच्या मधली कातडी चिमटीत वर उचलून आडवा छोटा छेद घ्या, सुरीचं टोक वर ठेवून, आत नाही. त्या छेदातून गुदद्वाराभोवती गोल कापत जा, आतड्याला धक्का न लागता ते सगळं सुटं झालं पाहिजे. हात छातीच्या आतल्या बाजूने वरपर्यंत सरकवा, हृदयापर्यंत गेल्यावर बोटं वाकवून सगळं एकदम ओढा, सावकाश पण न थांबता. कलेजीला चिकटलेली हिरवी पित्ताची पिशवी असते ती फुटू देऊ नका, कलेजीचा थोडा भाग गेला तरी चालेल पण पिशवी लांबूनच कापा, फुटलीच तर लगेच भरपूर पाण्याने धुवा. फुप्फुसं बरगड्यांच्या खाचांत चिकटलेली राहतात, गुलाबी स्पंजासारखी, ती बोटाने खरवडून काढावी लागतात. नरांमध्ये वृषणग्रंथीही तिथेच वर कण्याला दिसतील, १६ आठवड्यांच्या नरात चांगल्या मोठ्या असतात, नीट बघून घ्या, कॅपॉनचं कधी पुढे मनात आलं तर जागा कळलेली असेल. गिझार्ड, म्हणजे खडे असलेलं जाड स्नायूंचं पोट, मधोमध चिरून आतले खडे धुवायचे आणि आतलं पिवळं जाड अस्तर सोलून टाकायचं. कलेजी बघा, गडद लालसर तपकिरी आणि गुळगुळीत हवी. तिच्यावर पांढरे ठिपके, गाठी किंवा पोटात घाण वासाचं पाणी असेल तर तो पक्षी खाऊ नका. आजारी दिसणारा पक्षी तर कापायलाच घेऊ नका, आणि एकदम बरेच मेले तर हात न लावता पशुवैद्याला कळवा, बर्ड फ्लू असू शकतो.

जिवंत वजनाच्या साधारण ७० ते ७५ टक्के ब्रॉयलरमध्ये हातात येतं, लांब पायाच्या जातींत त्याहून कमी.

मग बर्फाच्या पाण्यात, आतलं टेम्परेचर ४ अंशांपर्यंत चार तासांच्या आत यायला हवं, मधे बर्फ घालत राहा. आणि थंड झालं की लगेच शिजवू नका, लगेच फ्रीझरमध्येही टाकू नका. कापल्यानंतर काही तासांत स्नायू आखडतात, त्या अवस्थेत शिजवलं तर कोवळा पक्षीसुद्धा चामड्यासारखा लागतो आणि लोक म्हणतात जातच खराब होती. फ्रीजमध्ये झाकून किमान एक दिवस, सोळा-अठरा आठवड्यांच्या कोंबड्याला दोन दिवस, मांडी सांध्यात सैल हलायला लागली की झालं. आखडलेला असताना गोठवला तर तो कडकपणा बऱ्याचदा वितळल्यावरही तसाच राहतो. कुठल्याही वयाचा असो, शिजवताना सगळ्यात जाड भागात ७४ अंश गाठले पाहिजेत.

पाकिटावर तारखेबरोबर पक्ष्याचं वय आठवड्यांत लिहून ठेवा. १४ चा आणि २२ चा गोठल्यावर बाहेरून सारखेच दिसतात, पण पहिला भाजून चालतो आणि दुसरा झाकण ठेवून मंद आचेवर दोन-अडीच तास शिजवावा लागतो.